साउथ कॅरोलायनाच्या टॅक्स खात्यातली चोरी आणि आपला सोशल नंबर

मी शार्लटला राहते, नॉर्थ कॅरोलायनात, आणि आमच्या इथली बरीच मराठी घरं बॉर्डरच्या पलीकडे फोर्ट मिलला आहेत, तिकडे घरं स्वस्त पडतात आणि शाळा चांगल्या म्हणून. म्हणजे राहायचं साउथमध्ये आणि नोकरी नॉर्थमध्ये, त्यामुळे टॅक्स दोन्हीकडे भरावा लागतो, नॉर्थला नॉन-रेसिडेंट म्हणून आणि साउथला रेसिडेंट म्हणून, आणि नॉर्थला भरलेल्याचं क्रेडिट साउथमध्ये घ्यायचं. दर जानेवारीत नवीन आलेल्या मुलामुलींना हे सगळं समजावून सांगायला मी बसते, कोणी फोन करतं कोणी घरी येतं, आणि दरवर्षी एकतरी जण विचारतोच की ताई माझा सोशल, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, अमेरिकेतला आपल्या ओळखीचा सरकारी नंबर, कुठे लीक झाला तर काय होईल. तेव्हा मी त्यांना २०१२ ची गोष्ट सांगते. आज सगळी नीट लिहून काढते, कारण तोंडी सांगताना निम्मं राहून जातं.

साउथ कॅरोलायना हे साधारण ४७ लाख वस्तीचं राज्य, म्हणजे २०१२ सालची गोष्ट. १३ ऑगस्ट २०१२ ला तिथल्या डिपार्टमेंट ऑफ रेव्हेन्यूमध्ये, म्हणजे राज्याच्या टॅक्स खात्यात, बऱ्याच कर्मचाऱ्यांना एक ईमेल आला. आत लिंक होती. निदान एकाने तरी ती दाबली, आणि त्या मशीनवर एक प्रोग्रॅम चालला आणि बहुतेक तिथूनच त्याचा युजरनेम-पासवर्ड गेला. बस्स, एवढंच. कोणी भिंत फोडली नाही, कुलूप तोडलं नाही. पुढे २७ ऑगस्टला चोर त्याच युजरनेम-पासवर्डने घरून काम करायची जी सोय असते तिच्यातून आत आला, अगदी एखादा कर्मचारी घरून लॉगिन करतो तसा, आणि सिस्टिमला वाटलं आपलाच माणूस आहे.

मग तो घाई न करता फिरला. २९ तारखेला सहा सर्व्हरवर पासवर्ड गोळा करायचे प्रोग्रॅम चालवले, १ सप्टेंबरपर्यंत खात्यातल्या सगळ्या विंडोज अकाउंटचे पासवर्ड त्याच्याकडे होते आणि एका सर्व्हरवर मागचं दार बसवून झालं होतं. १२ सप्टेंबरला त्याने डेटाबेसच्या बॅकअप फाइल्स एका ठिकाणी गोळा केल्या, १३ आणि १४ ला त्या झिप करून, त्यांना स्वतःचा पासवर्ड लावून बाहेर पाठवल्या. एकूण ७४.७ जीबी. पुढे तपास झाला तेव्हा दिसलं की ४४ सिस्टिम्सना त्याने हात लावला होता.

खात्यातल्या कोणालाही यातलं काही कळलं नाही. १० ऑक्टोबरला अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने राज्याला सांगितलं की तुमच्या लोकांची माहिती बाहेर दिसतेय. म्हणजे घरात चोरी झाली आणि ते पोलिसांनी येऊन सांगितलं. भोक बुजवायला २० ऑक्टोबर उजाडला. आणि जनतेला सांगितलं २६ ऑक्टोबरला, शुक्रवारी. तपासात अडथळा नको म्हणून थांबलो असं राज्याचं म्हणणं होतं, आणि ते मला थोडंफार पटतंही, पण ज्याचा नंबर गेला त्याला ते सोळा दिवस कोणी परत देणार नव्हतं.

पहिल्या दिवशी आकडा सांगितला ३६ लाख सोशल सिक्युरिटी नंबर आणि ३,८७,००० क्रेडिट-डेबिट कार्ड नंबर. पुढे मोजदाद नीट झाली तेव्हा ३८ लाख करदाते, त्यांच्या रिटर्नवर लिहिलेले १९ लाख डिपेंडंट म्हणजे बहुतेक मुलंबाळं, जवळपास ७ लाख बिझनेस, आणि ३३ लाख बँक अकाउंटची माहिती असं निघालं. १९९८ पासूनची ई-फाइल केलेली रिटर्न्स होती ती. त्यामुळे जो माणूस २००३ मध्ये दोन वर्षं नोकरी करून राज्य सोडून गेला, त्याचाही नंबर तिथे तसाच पडून होता. मी हे सांगते तेव्हा मुलं दचकतात, आणि दचकायलाच पाहिजे, कारण आपल्यातले कन्सल्टिंगवाले आधी न्यू जर्सी मग ओहायो मग जॉर्जिया असे फिरलेले असतात आणि प्रत्येक राज्याच्या टॅक्स खात्यात आपला सोशल, पत्ता, बायकोमुलांचे नंबर आणि रिफंडसाठी दिलेलं बँक अकाउंट ठेवून आलेले असतात. टेक्सास नि फ्लोरिडासारख्या राज्यांत पगारावर राज्याचा टॅक्स नाही म्हणून तेवढीच सुटका.

आता या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. कार्डांचे नंबर बहुतेक सगळे एन्क्रिप्ट केलेले होते, म्हणजे चोराला मिळूनही वाचता येणार नाहीत असे. सोशल नंबर मात्र उघडे, साध्या अक्षरांत. असं का, तर कार्ड कंपन्यांचा दंडक आहे, त्यांचं ऐकलं नाही तर कार्ड घेता येत नाही, म्हणून तिथे काळजी घेतली. सोशलसाठी तसा दंडक लावणारं कोणी मागे लागलं नव्हतं. त्यावेळच्या गव्हर्नर निक्की हेली, ज्यांचे आईवडील पंजाबातून तिकडे गेलेले, त्या आधी म्हणाल्या की हे कोणालाच टाळता आलं नसतं, मग तपासाचा रिपोर्ट आल्यावर २० नोव्हेंबरला मान्य केलं की राज्याने जास्त करायला हवं होतं. आयआरएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या टॅक्स खात्याच्या, नियमांत सोशल एन्क्रिप्ट करणं सक्तीचं नाही असं सांगून त्यांनी आयआरएसला पत्रही लिहिलं. खात्याचे संचालक जेम्स एटर यांनी राजीनामा दिला. पण विचार करा, कार्ड चोरीला गेलं तर बँक आठ दिवसांत नवीन पाठवते. सोशल नंबर जन्मभराचा. जे बदलता येतं त्याला कुलूप होतं आणि जे बदलता येत नाही ते उघड्यावर होतं.

आणि पैशांचा प्रश्न होता असंही नाही. नंतरच्या सुनावण्यांमध्ये निघालं की लॉगिन करताना पासवर्डबरोबर दुसरा एक कोड मागायची सोय साधारण २५,००० डॉलरमध्ये झाली असती, आज आपण बँकेच्या ॲपला वापरतो तीच, आणि ती असती तर चोरलेल्या पासवर्डने आत येणं अवघड झालं असतं. खात्यातली सिक्युरिटी प्रमुखाची जागाही सप्टेंबर २०११ पासून जवळजवळ वर्षभर रिकामी होती. आणि घटनेनंतर लोकांना एक वर्षाचं क्रेडिट मॉनिटरिंग देण्यासाठी एक्स्पीरियन या लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीशी करार केला तो १ कोटी २० लाख डॉलरपर्यंतचा.

त्या मॉनिटरिंगबद्दल जरा थांबून बोलते कारण इथेच लोकांचा गैरसमज होतो. लोकांना फोन करून किंवा वेबसाइटवर एक कोड टाकून नाव नोंदवायचं होतं, कोड होता एससीडीओआर१२३, सगळ्या राज्याला एकच. पहिल्या दिवसांत फोन लागेनात. तरी लाखो लोकांनी नाव नोंदवलं आणि त्यांना वाटलं झालं आता आपण सेफ. पण क्रेडिट मॉनिटरिंग काय करतं, तर तुमच्या नावाने कोणी नवीन कार्ड किंवा लोन काढलं की तुम्हाला कळवतं. टॅक्स रिटर्न कोणी तुमच्या नावाने भरलं तर ते क्रेडिट रिपोर्टमध्ये येतच नाही. रिफंड हा लोन नाही ना. म्हणजे टॅक्स खात्यातून चोरीला गेलेल्या माहितीचा टॅक्ससाठीच गैरवापर झाला तर त्या सगळ्या महागड्या मॉनिटरिंगला पत्ता लागणार नव्हता. आणि वर्ष संपलं की तेही संपलं, पुढे राज्याने दुसऱ्या कंपनीकडून मुदत वाढवून घेतली हे खरं, तरी चोराकडची यादी कुठे एक्स्पायर होते.

टॅक्सची चोरी कशी चालते ते सांगते. जानेवारीच्या शेवटी रिटर्न घ्यायला सुरुवात होते. चोर पहिल्याच आठवड्यात तुमचं नाव, सोशल, जन्मतारीख टाकून रिटर्न भरतो, डब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या पगाराच्या दाखल्यात, पगार आणि कापलेला टॅक्स मनाने लिहितो, रिफंड जास्त दिसेल असा, आणि पैसे प्रीपेड कार्डवर मागवतो. त्यावेळी कंपन्यांकडून डब्ल्यू-२ ची सरकारी कॉपी यायला वेळ लागायचा, म्हणजे ताळा करून बघायला समोर कागदच नसायचा आणि रिफंड आधी निघून जायचा. तुम्ही मार्चमध्ये निवांत रिटर्न भरायला बसता आणि ई-फाइल रिजेक्ट होते, या सोशलवर रिटर्न आधीच आलंय म्हणून. तिथून पुढे कागदावर रिटर्न, सोबत ओळख चोरीला गेल्याचा फॉर्म १४०३९, आणि कित्येक महिने वाट बघणं. फेडरलचं म्हणजे केंद्राचं वेगळं, राज्याचं वेगळं, दोन्हीकडे स्वतंत्र झगडावं लागतं.

राज्यांचं खातं चोरांना का आवडतं तेही २०१५ मध्ये दिसलं. त्या फेब्रुवारीत मिनेसोटा आणि युटासारख्या राज्यांना खोट्या स्टेट रिटर्न्सचा संशय आला, आणि टर्बोटॅक्स हे टॅक्स भरायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इन्ट्यूटने राज्यांची ई-फायलिंग साधारण एक दिवस सगळीकडे थांबवली होती. फेडरल न भरता नुसतं स्टेट रिटर्न भरता येतं, ते आयआरएसच्या चाळणीतून जात नाही, आणि राज्याची चाळणी तेव्हा मोठ्या भोकांची होती. त्यानंतर मार्च २०१५ मध्ये आयआरएसचे कमिशनर जॉन कोस्किनेन यांनी राज्यांची टॅक्स खाती आणि सॉफ्टवेअर कंपन्या एकत्र बसवल्या, त्याला सिक्युरिटी समिट म्हणतात. तिथून आपल्याला आज जे जाच वाटतात ते सगळे सुरू झाले किंवा वाढले. सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनला कोड येतो, बरीच राज्यं ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर मागतात, आणि राज्याकडून पत्र येतं की हे रिटर्न तुम्हीच भरलंय का ते ऑनलाइन येऊन सांगा, चार प्रश्नांची उत्तरं द्या. २०१५ च्या शेवटी कायदा बदलून डब्ल्यू-२ सरकारकडे द्यायची तारीख ३१ जानेवारी केली आणि काही ठराविक क्रेडिट्सचे रिफंड १५ फेब्रुवारीच्या आधी सोडायचे नाहीत असं ठरलं. रिफंड उशिरा आला की मुलं वैतागतात. मी त्यांना म्हणते बाबांनो तो उशीर तुमच्यासाठीच आहे, कोणीतरी डब्ल्यू-२ ताडून बघतंय.

या पत्राचीच एक गोष्ट. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या मंडळातल्या एका मुलाला तो आधी जिथे राहायचा त्या राज्याच्या टॅक्स खात्याचं पत्र आलं, तुमचं रिटर्न मिळालंय, ओळख पटवा. त्याने त्या वर्षी तिकडे रिटर्न भरलंच नव्हतं. त्याला वाटलं हा फ्रॉड आहे आणि त्याने ते पत्र फेकून दिलं. पत्र खरं होतं, रिटर्न खोटं होतं. तीन आठवड्यांनी गप्पा मारताना सहज बोलला तेव्हा कळलं, मग राज्याच्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन केला, ते रिटर्न थांबवलं, फेडरलला फॉर्म पाठवला. उत्तर न मिळाल्यामुळे राज्याने रिफंड रोखूनच ठेवला होता म्हणून निभावलं.

त्याला दोष देववत नाही. आपल्या लोकांची ही भीती कुठून आलीये ते आपल्याला चांगलं माहीत आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडला ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर धाड घातली, ७०० च्या वर लोकांना एका रात्रीत ताब्यात घेतलं, ती पोरं आयआरएसचे अधिकारी म्हणून अमेरिकेत फोन करत होती, टॅक्स बाकी आहे, आता पोलीस येतील, लगेच गिफ्ट कार्डवर पैसे भर. त्याच महिन्यात अमेरिकेत खटला दाखल झाला त्यात ६१ आरोपी होते, पाच कॉल सेंटरं धरून. ज्यांना फोन गेले त्यात नुकते आलेले, व्हिसाच्या काळजीत असलेले आपल्यासारखेच लोक होते. मीरा रोड म्हणजे माझ्या मामेबहिणीचं घर आहे, तिथून असे फोन इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना जात होते हे वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. त्या प्रकारानंतर आपले लोक टॅक्सचं नाव घेतलं की फोन कट करतात, जे बरोबरच आहे, पण त्याच झटक्यात खरं पत्रही फाडतात. फरक असा की टॅक्स खात्याची पहिली खबर बहुतेक वेळा पोस्टाने येते, धमकी नसते, गिफ्ट कार्ड तर कधीच नसतं, आणि संशय आला तर पत्रावरचा नंबर न लावता स्वतः खात्याच्या साइटवर जाऊन नंबर काढून विचारता येतं. फाडायचं नाही, विचारायचं.

आता पुन्हा साउथ कॅरोलायनाकडे येते. त्या ३८ लाख लोकांना २०१२ मध्ये स्वतःहून काय करता येत होतं? फार थोडं. आयआरएसकडे आयपी पिन नावाच्या सहा आकडी कोडची सोय होती, रिटर्न आपणच भरतोय हे दाखवायला, पण ती ज्यांच्या नावाने आधीच फ्रॉड झालाय त्यांनाच मिळायची. २०१४ मध्ये फ्लोरिडा, जॉर्जिया आणि वॉशिंग्टन डीसीच्या लोकांना मागून घ्यायची परवानगी दिली, तिथे फ्रॉड जास्त म्हणून. शेजारच्या जॉर्जियाला मिळाली आणि ज्यांची अख्खी यादी चोरीला गेली त्यांना नाही. सगळ्या देशाला हा पिन मागायची मुभा मिळाली जानेवारी २०२१ मध्ये. साउथ कॅरोलायनाने लोकांसाठी एक बरी गोष्ट केली, आयडेंटिटी थेफ्टपासून संरक्षणासाठी जी सर्व्हिस घेता तिचा खर्च राज्याच्या टॅक्समध्ये वजा करायची सोय दिली, एकट्याला ३०० डॉलरपर्यंत आणि जोडप्याला किंवा डिपेंडंट असतील तर १,००० डॉलरपर्यंत. फोर्ट मिलवाले, तुमच्यातल्या किती जणांना हे माहिती आहे? मी विचारते तेव्हा बहुतेक जण नाहीच म्हणतात.

पिन असला की तुमच्या सोशलवर पिनशिवाय कोणी ई-फाइल केलं तर आयआरएस ते घेतच नाही. पिन दरवर्षी नवा. एसएसएन म्हणजे सोशल असो की आयटीआयएन, म्हणजे सोशल न मिळणाऱ्यांचा टॅक्स नंबर, दोघांनाही मिळतो, म्हणजे एच-४ वर, नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर, आलेल्या आयटीआयएनवाल्या बायकांनाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण नवऱ्याचा पिन काढतात आणि बायकोचा राहतो. पिन फक्त तुमच्याकडे आणि रिटर्न भरणाऱ्याकडे, तिसऱ्या कोणाला फोनवर सांगायचा नाही, आयआरएस स्वतः तो फोन करून विचारत नाही. हा पिन फेडरलचा, राज्याला त्याचं काही देणंघेणं नाही, म्हणून जुन्या राज्यांच्या साइटवर आपलं अकाउंट काढून ठेवा आणि वर्षातून एकदा बघा की आपण न भरलेलं काही तिथे दिसतंय का. पत्ता बदलला की जुन्या राज्यालाही कळवा, नाहीतर ते ओळख पटवायचं पत्र जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहतं. आणि क्रेडिट फ्रीझ, म्हणजे आपल्या नावाने कोणी नवीन कर्ज काढू नये म्हणून आपला क्रेडिट रिपोर्ट बंद करून ठेवणं, सप्टेंबर २०१८ पासून तो सगळ्या देशात फुकट आहे, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन, ट्रान्सयुनियन तिन्हीकडे वेगवेगळा करावा लागतो, अर्ध्या तासाचं काम.

मुलांचं मात्र कोणी बघत नाही आणि त्या १९ लाख डिपेंडंटची आठवण मला म्हणूनच येते. २०१२ मध्ये जे बाळ होतं ते आता शाळेत मोठ्या वर्गात आहे, त्याच्या नंबरकडे इतकी वर्षं कोणाचं लक्षही नसेल. मुलाचा सोशल चोरून दुसराच कोणीतरी आपल्या रिटर्नवर त्याला डिपेंडंट दाखवतो आणि मग खऱ्या आईबापांची ई-फाइल अडते. २०२५ च्या सीझनपासून एवढं सोपं झालंय की मूल आधीच कोणी दाखवलेलं असलं तरी मुख्य करदात्याने स्वतःचा आयपी पिन टाकला तर ई-फाइल घेतात. आणि मुलालाही स्वतःचा पिन काढता येतो, फक्त ऑनलाइन नाही. उत्पन्न मर्यादेत असेल तर फॉर्म १५२२७ भरायचा, त्यावर ते फोन करून खात्री करतात, हा फोन तुम्ही स्वतः मागवलेला असतो म्हणून घ्यायचा. नाहीतर आयआरएसच्या ऑफिसात अपॉइंटमेंट घेऊन जायचं.

गेल्या जानेवारीत फोर्ट मिलचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, सहा महिन्यांची मुलगी कडेवर. दोघांचे पिन माझ्या डायनिंग टेबलवर बसून निघाले. पगार मर्यादेच्या वर असल्यामुळे मुलीसाठी फॉर्म चालत नव्हता, म्हणून शार्लटच्या ऑफिसची अपॉइंटमेंट घेतली, तिचं बर्थ सर्टिफिकेट, सोशल कार्ड आणि आईबापांचे पासपोर्ट घेऊन गेले. तिसऱ्या आठवड्यात आईचा मेसेज आला, ताई तिच्या नावाचं पहिलं पत्र आलं, पिनचं, आणि मी ते तिच्या जन्माच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवलंय.